ताईच्या गवतावरची झाडं

माझी मोठी बहीण भांडुपच्या डोंगराखालच्या एका शाळेत चित्रकला शिकवायची. शाळेच्या मागे उताराचा एक तुकडा होता, डेब्रिज आणि घाणेरीच्या झुडपांनी भरलेला. मुलांना हाताशी घेऊन तिने तो साफ केला आणि तिथे गवत परत आणलं. त्यासाठीचं बी दिवाळीनंतर ती डोंगरावर जाऊन उशीच्या जुन्या अभ्र्यांत गोळा करायची. घरात आठवडाभर माझ्या मोज्यांत कुसळं सापडायची.

चित्रकलेचा तास त्या उतारावर व्हायचा. प्रत्येक मुलाने गवताची एक काडी निवडायची, तिला दोरा बांधायचा आणि वर्षभर तिचंच चित्र काढायचं.

"बाई, माझी वाकली."

"मग वाकलेली काढ. सरळ काढलीस तर खोटं होईल."

"बाई, ह्याची बकरीने खाल्ली!"

"मग बकरी काढू दे त्याला."

मी एकदा तिला म्हटलं होतं, "एवढी राबतेस, तर चार झाडं लाव ना. सावली तरी होईल." ती चिडलीच. "तूसुद्धा? अरे, इथे वीतभर माती आहे, खाली कातळ. इथे गवतच होतं आधीपासून. सावली पडली की ते मरतं. टोळ जातात, मुनिया पक्षी जातात. मग पोरांनी बघायचं काय?"

मार्चमध्ये ती गेली. आजार कळला तेव्हा उशीर झाला होता. शेवटच्या दिवसांत तिने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. "गवताकडे लक्ष ठेव. तिथे कुणाला झाडं लावू देऊ नकोस." मी हो म्हटलं.

जुलैमध्ये मुख्याध्यापकांचा फोन आला. बाईंच्या आठवणीसाठी छोटासा कार्यक्रम ठेवलाय, तुम्ही हवेतच. मी गेलो तेव्हा उतारावर बारा खड्डे खणून तयार होते. शेजारी गुलमोहराची रोपं मांडलेली होती. उपसलेल्या मातीत गवताची पांढरी मुळं दिसत होती. टेबलावर ताईचा हार घातलेला फोटो होता.

"पहिलं रोप तुमच्या हातून," मुख्याध्यापक म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "बाईंचं काहीतरी राहायला हवं ना इथे."

रांगेतून सातवीतली एक मुलगी मोठ्याने म्हणाली, "सर, बाई बोलायच्या, इथे झाड नाय लावायचं. गवत मरतं."

"ए शहाणे, गप. गवत काय, कुठेपण उगवतं," रांगेजवळचे एक सर म्हणाले.

पोरं हसली. मुलगी माझ्याकडे वळली. "काका, तुम्ही सांगा ना. तुम्हाला माहितीय ना?"

मला माहीत होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण सगळे ताईसाठी जमले होते, दोन शिक्षिका रडत होत्या, आणि माझा जन्म वाचनालयाच्या टेबलामागे हळू बोलण्यात गेलेला. मी रोप उचललं, खड्ड्यात धरलं आणि हाताने माती लोटली. टाळ्या वाजल्या. ती मुलगी हात मागे बांधून उभी होती.

घरी येऊन मी मुख्याध्यापकांना सविस्तर पत्र लिहिलं. त्यातली भाषा मला कठोर वाटली, म्हणून पुन्हा लिहिलं. दुसरंही पाठवलं नाही.

याला तीन वर्षं झाली. गेल्या महिन्यात ताईची उरलेली चित्रं न्यायला शाळेत गेलो होतो. चित्रकलेचा तास आता वर्गात होतो. फळ्यावर डोंगर, नदी आणि घर काढलेलं होतं, पोरं ते वहीत उतरवत होती. मागच्या उतारावर झाडं माझ्या डोक्याच्या वर गेली आहेत. त्यांच्याखाली पिवळी पानं आणि उघडी माती. मी वाकून काडी शोधली. एकही नव्हती.

शाळेचा वॉचमन पाण्याचा पाइप ओढत आला. मला ओळखून हसला.

"बघा साहेब, बाराच्या बारा जगवली. एक पण मरू दिलं नाय."

"खूप जपलंत तुम्ही," मी म्हणालो.

"बाईंसाठी," तो म्हणाला, आणि पुढच्या झाडाच्या बुंध्याशी त्याने पाइप लावला.