समतानगरची वाट विचारताना

बाबा गेल्यावर दोन वर्षांनी मी त्यांच्या गावाला जायचं ठरवलं. ठरवलं कसलं, डिसेंबरातल्या एका शनिवारी सकाळी उठले, घरात बोलायला कुणी नव्हतं, तर पिशवी भरली आणि निघाले. बाबा पोस्टात होते. जन्मभर लोकांचे पत्ते वाचले, पण स्वतःच्या गावाचा पूर्ण पत्ता त्यांनी कधी कुणाला सांगितला नाही. "कळंबच्या पुढं," एवढंच. कारण त्यांची वस्ती जातीच्या नावाने ओळखली जायची. ते नाव आमच्या घरात कुणी घेत नसे आणि मी इथेही लिहिणार नाही. तिथे आता त्यांची धाकटी बहीण राहते, हौसाआत्या. बाबांच्या दहाव्याला ती पुण्याला आली होती, तेव्हा तिने मला कागदावर नवा पत्ता लिहून घ्यायला लावला: समतानगर. वस्त्यांना जातीची नावं नकोत असा सरकारी निर्णय झाला आणि ग्रामसभेने ठराव करून नाव बदललं, असं तिने अभिमानाने सांगितलं होतं. मी मान डोलावली आणि कागद कपाटात ठेवून दिला.

स्वारगेटहून बारामतीच्या गाड्या भरपूर आहेत. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खिशाला जड नाही. सासवड, जेजुरी करत तीनेक तासांत पोचता. बारामतीचं स्टँड इतकं चकचकीत आहे की मी दोन मिनिटं बावळटासारखी वर बघत उभी राहिले. मिसळ बरी मिळाली, पण शेजारच्या टेबलावर एक अख्खं कुटुंब एकमेकांच्या ताटातलं ओढून खात होतं आणि माझी मिसळ मला संपता संपेना. एकटीने प्रवास करणाऱ्या बायांनो, फोटोंवर जाऊ नका. जेवणाची वेळ फार वाईट असते.

पुढे इंदापूर रस्त्याने वालचंदनगरची एसटी. हंगाम चालू असल्याने उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्ता अडवून चालतात, तेव्हा वेळ हाताशी ठेवा. वालचंदनगरला उतरून तासभर कंपनीच्या क्वार्टर्समधून उगाच फिरले. सरळ रस्ते, जुनी झाडं, दुपारची सामसूम. एका व्हरांड्यात लसूण सोलत बसलेल्या बाईंनी आपुलकीने विचारलं, कुणाकडं आलात? "सहजच," म्हणून मी पुढे सटकले.

तिथून वडापच्या, म्हणजे माणसं भरली की सुटणाऱ्या, जीपने फाट्यावर उतरले. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कुणाला नावं ठेवायला मी गेले नव्हते. फाट्यावर चहाची टपरी, बाकावर पांढऱ्या टोपीतले एक तात्या. मी टपरीवाल्याला समतानगर विचारलं. तो तात्यांकडे बघू लागला. तात्या म्हणाले, असलं गाव आमच्याकडं न्हाय. मग मी आत्याचं नाव, आडनाव सांगितलं आणि टपरीवाल्याचा चेहरा एकदम उजळला. त्याने ते जुनं नाव घेऊन विचारलं, तिकडंच जायचंय न्हवं?

मी "नाही" म्हणाले.

आता याला काय म्हणावं! पन्नाशीची बाई, बँकेत अधिकारी, आणि भर दुपारी फाट्यावर खोटं बोलून बसलेली. आत्याचा फोन बंद. परतीची शेवटची जीप पाचला. तासभर मी त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून राहिले. शाळेच्या प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर संविधानाची उद्देशिका असायची, तिच्यात 'व्यक्तीची प्रतिष्ठा' असे शब्द होते. मी वर्गात ते खणखणीत वाचायचे. त्या बाकावर मला इतकं एकटं वाटलं की रडू यायचं बाकी होतं. शेवटी उठले, टपरीवाल्याजवळ गेले आणि ते जुनं नाव माझ्या तोंडाने घेतलं. हळू आवाजात. आयुष्यात पहिल्यांदा.

पुढे सगळं झटपट झालं. टपरीवाल्याने चहाचे पैसे घेतले नाहीत. त्याच रस्त्याने निघालेल्या एका मोटरसायकलवाल्याला थांबवून मला मागे बसवलं, पिशवी नीट धरा म्हणाला. माणसं चांगली होती हो, हेच तर झोंबत होतं.

कॅनॉल ओलांडला की वस्ती. तोंडाशीच निळी पाटी, ठळक अक्षरांत समतानगर. आत्या दारात ज्वारी पाखडत होती. मोटरसायकलवाल्याने लांबूनच हाक दिली आणि वस्तीचं जुनं नाव घेऊन पाहुणी आल्याचं सांगितलं. आत्याने वर बघितलंसुद्धा नाही.

"त्या नावाची वस्ती हितं न्हाय. माघारी जावा."

तो हसला, मला उतरवून निघून गेला. मग तिने मान वर केली. मला बघून सूप खाली ठेवलं, जवळ घेतलं, बाबांची आठवण काढून रडली. भाकरी, पिठलं, ठेचा वाढला. मला बघायला आलेली शेजारीण सांगत होती की आत्या सगळ्यांनाच असं परतवून लावते. जुन्या नावाने आला म्हणून गॅसवाल्यालाही माघारी धाडलं आणि चार दिवस चुलीवर रांधलं. लोक तिला खुळी म्हणतात.

माझं जेवण झालं. हात धुतल्यावर तिने विचारलं, "फाट्यावर कंच्या नावानं इचारलंस?"

थाप मारता आली असती. पण मी खरं सांगितलं.

तिने पदर खोचला. मग म्हणाली, "तुझ्या बापानं त्या नावापायी गाव सोडलं. म्या न्हाय सोडलं. म्या हितंच ऱ्हाऊन ते घालवणार हाय. चल, ऊठ."

पंचाहत्तरी ओलांडलेली बाई, गुडघे दुखतात, तरी माझा हात धरून ती फाट्यापर्यंत चालत आली. पाचची जीप आमच्यासमोर निघून गेली. टपरीसमोर उभं राहून, दम खाऊन ती म्हणाली, "बाळू, ही माझी भाची. हिला समतानगरला जायचंय. वाट सांग."

बाळू हसायला लागला, अवं मावशी, मगाशी मीच तर धाडली, म्हणाला. आत्या हसली नाही. तेच वाक्य पुन्हा म्हणाली, आवाज न चढवता. बाळूने हात फडक्याला पुसले. तात्या जमिनीकडे बघत होते. मला वाटलं, आता हा काहीतरी वेडंवाकडं बोलणार.

"समतानगर," तो माझ्याकडे बघून म्हणाला, "हितनं सरळ जावा. कॅनॉल वलांडला की डाव्या हाताला पाटी हाय."

"आसं," आत्या म्हणाली. मग आम्ही दोघींनी चहा घेतला आणि पैसे तिने दिले. रात्री तिच्याकडेच राहिले. उद्या बाळू पुन्हा विसरेल की, असं मी म्हटलं, तर म्हणाली, मग उद्या परत जाईन.

रविवारी पुण्यात आले. आमच्या इमारतीत मी अकरा वर्षं राहते. समोरच्या वहिनी रोज संध्याकाळी बेल वाजवून चहाला येतात, माझ्या दिवसातलं तेवढंच काय ते बोलणं. त्यांनी विचारलं, कुठं गेला होतात? एरवी मी बारामती म्हणून मोकळी झाले असते. या वेळी समतानगर म्हणाले. ते कुठं आलं, म्हणाल्या. मग मी सगळं सांगितलं. वस्ती कुणाची, म्हणजे आम्ही कोण, तेही. अकरा वर्षांत त्यांनी विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. त्या "अच्छा" म्हणाल्या. कप अर्धा ठेवून, कुकर लावायचाय म्हणत गेल्या.

आज बुधवार. तेव्हापासून बेल वाजलेली नाही. कामात असतील, पाहुणे असतील, माझ्या मनाचे खेळही असतील. रोज साडेपाचला मी दोन कपांचं आधण ठेवते. आजही ठेवलं, अर्धं उकळून गेलं. एकटं वाटतंय, खोटं कशाला बोलू. पण उद्या त्यांनी किंवा कुणीही विचारलं, तर मी पुन्हा तेच सांगणार आहे.