टोपी, डॉलर आणि मधली रिकामी जागा

माझ्यामुळे एकदा अर्ध्या सुरतेचं इंटरनेट बसलं. खरं सांगायचं तर दोनदा. दुसऱ्यांदा मी ते मुद्दाम बसवलं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. रिंग रोडवर साड्यांच्या दुकानाच्या वर आमची इंटरनेट कंपनी होती. तीन खोल्या आणि एक एसी, तोही माणसांसाठी नाही, राउटरसाठी. मी सुरतेतल्याच लिंबायतची, बाप कापडाच्या लूमवर, हातात डिप्लोमा. मला शिकवणारा सीनियर भुसावळकडचा, त्याला मी दादा म्हणायचे. मालक सुरती शेठ. त्यांना राउटर म्हणजे हप्त्यावर घेतलेला फ्रिज वाटायचा, फक्त आत पाण्याच्या बाटल्या का नाहीत एवढंच कोडं.

आम्ही एका मोठ्या कंपनीकडून लाइन घेतली होती, आता जोडीला दुसऱ्या कंपनीची येणार होती. नेमका तेव्हाच दादा बहिणीच्या लग्नाला गावी निघाला. जाताना कागदावर सगळं लिहून गेला. नव्या कंपनीला आपण कुठले रस्ते सांगायचे, म्हणजे कुणाकुणाकडे जाणारी रहदारी आपल्याकडे पाठव म्हणायचं, ती गाळणी एका ओळीत होती: कीबोर्डवरची एक टोपी (^), एक डॉलर ($). मध्ये काहीच नाही.

प्रत्येक रस्त्यासोबत तो ज्या ज्या कंपन्यांतून फिरून आला त्यांचे नंबर येतात. टोपी म्हणजे त्या यादीची सुरुवात, डॉलर म्हणजे शेवट. मध्ये रिकामं, म्हणजे हा रस्ता कुठूनच आलेला नाही, आपल्याच घरचा आहे. तेवढेच सांगायचे. हे मला आज कळतं. त्या दिवशी वाटलं, दादा लग्नाच्या घाईत मधलं लिहायलाच विसरला.

आणि आमच्या गल्लीत शेजारणीची वाटी रिकामी परत गेली तर आई चारचौघांत आवाज चढवायची, "रिकामं भांडं देवानं नही!" रिकामं परत द्यायचंच नाही; काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची. नवी कंपनी, पहिला व्यवहार, आणि आपण तिला रिकामं पाठवायचं? लाज नाही वाटत? मी टोपी-डॉलर खोडून टिंब आणि चांदणी (.*) टाकली. म्हणजे जे असेल ते सगळं घ्या. वर स्वतःवर खूशही झाले.

पाचच मिनिटांत नव्या कंपनीला वाटलं की पहिल्या कंपनीकडे जायचा रस्ता आमच्या घरातूनच आहे. तिनेही डोळे मिटून विश्वास ठेवला. मोठ्यांना गाळण्याचा कंटाळा! तिकडची सगळी रहदारी आमच्या नळीएवढ्या लाइनीत घुसली. साडीवाल्यांचे मेल अडकले, हिरेवाल्यांचे फोन सुरू झाले. कोणी माझ्या आईचा उद्धार करत होतं, कोणी बापाचा. बाप बिचारा लूमवर होता.

तेवढ्यात नवी लाइन लागली का विचारायला, लग्नाच्या मांडवातून निसटून दादाने एसटीडी बूथवरून फोन केला, आणि मी सगळा गोंधळ सांगितला. "काय टाकलंस?" मी सांगितलं. पलीकडे बँड वाजत होता. "अगं बाई," तो एवढंच म्हणाला, "मधलं रिकामंच ठेव." मी ठेवलं. लाइन मोकळी झाली.

पण शेठनी माझ्या हातातून फोन ओढला. "कागद तुझा, अक्षर तुझं. उद्यापासून येऊ नकोस." आणि दादा, तो शहाणा, पलीकडून बँडच्या वर ओरडून म्हणाला, "हो शेठ, चूक माझीच." इथे सुरतेत उधन्याला एका खोलीत बायको, दोन पोरं, आणि हा म्हणे चूक माझीच! मला त्याचाही राग आला.

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "शेठ, ते मी केलं."

शेठ हसले. "ताराथी आ थाय? तुझ्याच्यानं हे होणार? बेन, तू चाय पी."

"मीच बदललं. दादाने बरोबर लिहिलं होतं."

"त्याला वाचवतेस. तू चांगली पोरगी आहेस." मग समजावणीच्या सुरात, "एवढ्या मोठ्या दोन कंपन्या हलवणं तुझं काम नाही."

मी तीनदा सांगितलं. तीनदा ते हसले. शेवटी माझी सटकलीच. मी त्यांची खुर्ची ओढून राउटरच्या स्क्रीनसमोर ठेवली, म्हटलं, "बसा. आता बघा." त्यांच्या डोळ्यांदेखत टोपी-डॉलर खोडलं, टिंब टाकलं, चांदणी टाकली.

पहिला फोन वाजला. मग दुसरा. मग सगळेच. शेठचा चेहरा पांढराफटक.

"पटलं?" मी विचारलं आणि ओळ परत नीट केली.

दादाची नोकरी राहिली. माझी त्याच संध्याकाळी गेली, आणि जायलाच हवी होती. गिऱ्हाइकांचं इंटरनेट हे काही माझं खेळणं नव्हतं. त्याचं दुःख मी दोन दिवस केलं आणि सोडून दिलं. पण मी साधं खरं बोलले, तर ते शेठना पटवायला मला अर्धी सुरत बंद पाडावी लागली. तो राग अजून गेलेला नाही.