गुणाजीमामांचं कांडप कुठं न्यायचं

संपात गिरणी बंद पडली तेव्हा गुणाजीमामांनी घाटकोपरला एका गाळ्यात मसाला कांडायचं यंत्र टाकलं. सगळी गल्ली शिंकायची, पण मामांचा संसार सावरला. शहाऐंशी साली मालक म्हणाला, चाळ पाडतोय, दसऱ्याच्या आत गाळा सोडा. यंत्र चुकीच्या वस्तीत गेलं, तर मामांवर दुसऱ्यांदा घरी बसायची पाळी. त्यांची झोपच उडाली.

मी त्यांचा भाचा, कणकवलीच्या शाळेत भूगोलात पहिला आलेला. म्हणून जागा हेरायला मला सोबत घेतलं. मामांची रीत सोपी होती. ऐन जेवणवेळेला वस्तीतून हिंडायचं आणि वास घ्यायचा. जिथं माशाचं कालवण, तिथं मसाला; जिथं मसाला, तिथं मामा.

मुलुंडच्या चाळी आम्ही पालथ्या घातल्या.

"काय नाय रे! सगळे आजारी असल्यासारखे जेवतात," मामा म्हणाले.

अंधेरीच्या गावठाणात मात्र घराघरांतून बांगडा दरवळत होता. तिथं मामांचा गिरणीतला जोडीदार रोनाल्ड राहायचा. त्याची पुढची खोली रिकामी होती. मामा खूश! यंत्राचा पट्टा कुठून जाईल हेसुद्धा त्यांनी बोटाने भिंतीवर दाखवलं.

रोनाल्डची बायको क्लॅरिस हसायला लागली. "मशीन कशाला रे गुणाजी? आमच्याकडे मे महिन्यात बायका येतात, घरीच मुसळाने कांडून देतात. मशीनचा मसाला माझी सासू कुत्र्याला पण घालणार नाय."

घरी आल्यावर शेवंतीमामीने सगळं ऐकून घेतलं.

"मुलुंडात म्हावऱ्याचो वास नाय? श्रावण चललो हा ना! तुमी सकाळी काय जेवून गेल्यात?"

"घेवडो," मामा म्हणाले.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

मग गौरी-गणपती जाईपर्यंत मामा घरात येरझाऱ्या घालत राहिले. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा मुलुंड. चाळीच्या तोंडाशीच कालवणाचा असा भपकारा आला की मामांनी माझा दंड धरला. नळावर टोप घासणाऱ्या सोनूबाईंनी मान वर केली.

"अगो बाय! घाटकोपरचे कांडपवाले ना तुमी? आमच्या चाळीचो सगळो मसालो तुमच्याकडेच येता. डबे घेऊन बसीत चढताना कंडक्टर शिव्या घालता."

मामांनी आजवर एकाही गिऱ्हाइकाला विचारलं नव्हतं, बाई, तुम्ही येता कुठून?

चाळीच्या टोकाला एक गाळा बंद होता. मामा निम्मे आत शिरलेसुद्धा.

"पण वरती भाऊराव रवतत," सोनूबाई म्हणाल्या. "दमेकरी आसत."

मामा तसेच वर गेले. बऱ्याच वेळाने उतरले.

"काय म्हणाले?"

"दुपारभर यंत्र बंद ठेवायचं, ते खिडकी उघडून झोपतात तेव्हा. एरवी खिडकी लावून घेतील. मी हो म्हटलं."

गाळा ठरला. आता रोज दुपारी मामा रिकामे बसून काय करणार, या धास्तीने मामीची झोप उडाली.