काढघाल्याचा दिवा

काही माणसं मनाने कोती असतात, पण निदान चारचौघांत ते झाकून ठेवतात. या गृहस्थाला तेवढीही लाज नव्हती. गल्लीने त्याचं नाव काढघाल्या ठेवलं होतं आणि ते इतकं चपखल बसलं होतं, की कुरिअरवाल्यालाही त्याच नावाने घर सांगितलं जायचं.

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तो कारकून. घर वडिलांच्या वेळचं. खाली तो आणि त्याची बायको, वर धाकटा भाऊ आणि त्याची बायको. बैठकीची खोली मात्र सामाईक, आणि सामाईक या शब्दानेच काढघाल्याच्या पोटात दुखायचं. कचेरीला निघताना तो बैठकीतल्या पंख्याच्या रेग्युलेटरची मूठ उपटून खिशात टाकायचा. का, तर जुनी तुटल्यावर नवी त्याने आणली होती. पंखा सगळ्यांचा, मूठ त्याची. टीव्हीच्या रिमोटमधले सेलसुद्धा असेच खिशातून कचेरीत जायचे आणि संध्याकाळी परत यायचे. लहानपणी सायकल भावाला द्यायची पाळी आली, की हा आधी घंटीची टोपी काढून घ्यायचा, असं त्याची आई कौतुकाने सांगायची. त्याच्या बायकोला, म्हणजे थोरलीला, त्यात हसण्यासारखं काही सापडलं नव्हतं. लग्न होऊन आलेल्या मुलीला असल्या गोष्टी आधी कोणी सांगत नाही, इतकंच तिला वाटलं होतं.

वडिलांनी मागे एक मोटरसायकल ठेवली होती. ती दोघांची. दिवसा काढघाल्या ती कचेरीला न्यायचा, संध्याकाळी धाकटा ती घेऊन रात्रपाळीला जायचा. धाकटा शहराबाहेरच्या शीतगृहात कामाला. वाटेत खडीच्या खाणी, खड्डे, मागेपुढे ट्रक, आणि रस्त्यावर एक दिवा असेल तर शपथ. गाडीचा स्वतःचा दिवा म्हणजे नुसता देखावा. धाकटी रोज वरच्या खोलीत मोबाइल हातात धरून बसायची. 'पोहोचलो' असा निरोप आला, की मग तिची खोली अंधारायची.

एक दिवस काढघाल्याने गाडीला जादा दिवा आणला. सोबत मोबाइलचा चार्जर आणि एक ठणाणा करणारा हॉर्न. काम मात्र त्याने देखणं केलं, हे वैऱ्यानेही कबूल करावं. कंपनीची एक वायर कापली नाही की सोलली नाही. बॅटरीच्या दोन्ही बोल्टांखाली गोल कड्या, लगेच पुढे फ्यूज, तिथून टाकीखालून आलेली दोन पदरी वायर आणि हँडलपाशी रबरी टोपणाचा प्लग. दिवा लेगगार्डवर चिमट्याने बसायचा. बटणसुद्धा नुसतं पट्टीने गुंडाळलेलं. सगळं चुटकीसरशी बसायचं आणि चुटकीसरशी निघायचं.

निघायचं, हीच तर खरी मेख होती. संध्याकाळी गाडी अंगणात लागली, की डोक्यावरचं हेल्मेट उतरायच्या आधी दिवा उतरायचा. मग चार्जर, मग हॉर्न. तिन्ही वस्तू पिशवीत, पिशवी कपाटात, कपाटाला कुलूप. त्यानंतर गाडीची किल्ली भावाच्या हातावर. अंधारासाठी घेतलेल्या त्या दिव्याने आयुष्यात अंधार म्हणून पाहिला नव्हता. भर उन्हात तो लावून हा शहाणा कचेरीला जायचा आणि येताना मोठ्या ऐटीत अंगणात वळायचा.

"अहो, राहू द्या की दिवा," थोरली म्हणाली. "भाऊजींना खाणीकडून जायचं असतं."

"त्याला हवा तर त्याने घ्यावा."

"मग घेऊ दे. तुमच्याच प्लगला लावतील."

"माझ्या प्लगला?" तिने त्याचा टूथब्रशच मागितला असावा, असं त्याने तोंड केलं.

"तुम्ही दिवसा त्याचं करता तरी काय?"

"समोरचा बाजूला होतो," काढघाल्या म्हणाला आणि जेवायला बसला.

त्यात धाकटा असा, की त्याच्यापुढे देवानेही हात टेकावेत. "जाऊ दे, वहिनी. दादाने काम किती नीट केलंय बघा! एकही वायर कापली नाही." थोरलीला कधीकधी नवऱ्यापेक्षा दिराचीच जास्त चीड यायची. माणूस गरीब गाय असावा, पण गाईलासुद्धा शिंगं असतात.

शेवटी तिनेच मनावर घेतलं. नवरा अंघोळीला गेलेला असताना तिने प्लगाचा फोटो काढला आणि गाड्यांचं सामान विकणाऱ्याच्या दुकानात जाऊन त्याला दाखवला. "हा प्लग यातल्या कुठल्याही दिव्याला लागतो हो," दुकानदार म्हणाला. "म्हणून तर असला घालतात." ते ऐकून थोरली दुकानातच खुदकन हसली. आपला नवरा इतका धूर्त, की भावाची सोय स्वतःच्या हाताने करून बसला होता.

तिने दिवा घेतला आणि दिराला बजावलं, "गल्लीच्या तोंडाशी गेल्यावर लावायचा. सकाळी तिथेच काढायचा."

"दादाला कळलं तर?"

"मी आहे ना."

दिवस बरे गेले. धाकटीला निरोप लवकर यायला लागला, खोली लवकर अंधारायला लागली. पण सरळ माणसाला लपवाछपवी करायला लावणं म्हणजे बोक्याला दुधाची राखण सांगण्याइतकंच फुकट. एका सकाळी गाडी चिखलाने माखून आली. धाकट्याने दिवा काढला, प्लगावरचा चिखल रुमालाने लख्ख पुसला आणि टोपण दाबून घट्ट बसवलं. दादाची वस्तू, ती घाण कशी द्यायची? साऱ्या बरबटलेल्या गाडीवर तेवढंच टोपण चमकत होतं.

"हे कोणी पुसलं?" काढघाल्याने विचारलं.

धाकट्याने एका दमात सगळं सांगून टाकलं. वहिनीचं नाव तेवढं गाळलं.

त्या संध्याकाळी काढघाल्या लवकर घरी आला, सीट उघडली आणि सगळी वायर मुळापासून उपटून काढली. आता त्यालाही दिवा नाही, चार्जर नाही, हॉर्न नाही. स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणारी माणसं थोरलीने ऐकली होती, आज एक अंगणात उकिडवा बसलेला दिसला. बॅटरीवरच्या कड्या काढायच्या तर कंपनीचे बोल्ट सोडवावे लागतात. त्याने ते सोडवले, कड्या काढून घेतल्या आणि बोल्ट नुसत्या बोटांनी फिरवून ठेवले. पाना तोवर पिशवीत गेला होता, पिशवी कपाटात. मग सीट बंद करून त्याने किल्ली भावाच्या हातावर ठेवली.

त्या रात्री 'पोहोचलो' आलंच नाही.

धाकटा उजाडल्यावर आला, गाडी रांगत रांगत चालवत. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी सोललेली, मोबाइलचा चुरा. धाकटी जिन्याच्या पायरीवर बसली होती. तो अडखळत सांगू लागला. खाणीच्या वळणावर गाडी खड्ड्यात आदळली आणि इंजिन, दिवा, सगळं एकदम ठप्प. मिट्ट काळोख, आणि मागून ट्रक. गाडीसकट रस्त्याकडेच्या चरात पडला म्हणून वाचला. ट्रक थांबलाच नाही, ट्रकवाल्याला तो दिसलाच नसणार. ढकलत पंपापर्यंत गेल्यावर तिथल्या माणसाने सीट उघडून दाखवलं. बॅटरीचा एक बोल्ट गळून पडायला आला होता. त्याने चिकटपट्टीने कसाबसा दाबून दिला.

थोरलीने नवऱ्याकडे पाहिलं. काढघाल्या कचेरीचे कपडे घालून तयार होता.

"माझी वायर मी काढली," तो म्हणाला. "बॅटरी काही माझी नाही."

"दादा मुद्दाम थोडंच करेल?" धाकटा म्हणाला. "घाईत राहिलं असेल."

"बघ!" काढघाल्याचा चेहरा खुलला. "तोच म्हणतोय."

इतकी वर्षं थोरलीला या माणसाचा राग यायचा. आज रागही आला नाही. जिभेवर काहीतरी नासकं आल्यासारखं झालं.

"ते चांगले आहेत म्हणून तुम्ही अजून माणसांत जमा आहात," ती म्हणाली. "पाना आणा."

"मला उशीर होतोय."

"होऊ दे. दिव्याची वायर मी संध्याकाळी आणते. आधी हे बोल्ट आवळा. मी इथे उभी आहे."

तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, तो मुकाट्याने आत गेला. कुलूप उघडल्याचा आवाज आला. पाना घेऊन आला, चिकटपट्टी सोलून काढली आणि सगळ्यांच्या देखत खाली बसून दोन्ही बोल्ट आवळले. मग उठला, रुमालाने हात पुसले, "झालं" म्हणाला आणि डब्यासाठी हात पुढे केला.

थोरलीने डबा दिला नाही. त्याच्या हातातला पाना घेतला, बोल्टवर लावला आणि अंगाचा भार दिला.

बोल्ट अजून अर्धा फेरा फिरला.