ढवळूच्या डेपोत लाकूड वाढलं

मोखाड्याच्या बाजारात कुणी ‘ए वाढव्या’ अशी हाक मारली, की ढवळू लगेच मान वळवतो. रागावत नाही बिचारा. दुसरा असता तर दगड उचलला असता. पण हे नाव कसं पडलं, ते बाजारातल्या निम्म्या लोकांना धड माहीत नाही आणि ज्यांना माहीत आहे ते अर्धवटच सांगतात. म्हणून म्हटलं, आपणच एकदा नीट सांगून टाकावं.

ढवळूचा पाडा सूर्यमाळच्या खालच्या अंगाला. घर बारा-चौदा वाशांचं, पण कुंपण बघावं तर ढवळूचं. त्याने रोवलेला खांब हलत नाही, ही त्याची ख्याती. आजूबाजूच्या चार पाड्यांत लग्न निघालं की मांडवाच्या मेढी रोवायला त्यालाच बोलावणं यायचं. पहारीने भोक पाडायचं, मेढ आत सोडायची, माती दाबायची, वर तांब्याभर पाणी, की पुन्हा माती. एकदा वळवाच्या वाऱ्यात एका मांडवाचं सगळं छप्पर उडून ओढ्यात गेलं, नवरदेवाचा फेटासुद्धा गेला, पण मेढी जागच्या जागी. ‘मेढ उभी केली तर ती उभीच राह्यला पायजे,’ असं तो म्हणायचा, आणि यापलीकडे त्याला आयुष्यात फारसं काही म्हणायचं नव्हतं.

ऐन उमेदीची पाच-सहा वर्षं त्याने वीटभट्टीवर काढली. मग लाकूड-कामगारांच्या सोसायटीने त्याला डेपोवर रखवालदार ठेवलं. डेपो म्हणजे तारेचं कुंपण घातलेलं मैदान. जंगलातून तोडून आणलेलं लाकूड तिथे थप्प्या लावून ठेवायचं आणि लिलाव होईपर्यंत सांभाळायचं. सोसायटीने त्याला खाकी शर्ट दिला. त्या शर्टाचं मोल तुम्हा-आम्हाला कळायचं नाही. ढवळूचा बाप एकदा लाकडाच्या मोळीसकट पकडला गेला होता. मोळी चुलीपुरती, पण नाव कायमचं लागलं. ढवळू बाजारात मीठ घ्यायला गेला तरी मागून आवाज यायचा, ‘लाकूडचोराचा पोऱ्या आला रे.’ ज्या दिवशी तो खाकी शर्ट घालून त्याच बाजारातून मुद्दाम दोन चकरा मारून आला, त्या दिवसापासून तो आवाज बंद झाला. बायको गोदा तो शर्ट स्वतःच्या लुगड्याआधी धुवायची.

तर दोन हजार सातचा मे महिना. डेपोत चार थप्प्या, सगळ्या ढवळूच्या डोळ्यांदेखत रचलेल्या. सोसायटीच्या कारकुनाने टेप लावून मोजलेलं लाकूड चाळीस घनमीटर, तसं रजिस्टरला लिहिलेलं. एवढ्यात चेअरमनसाहेबांनी नवीन खूळ काढलं. नाशिकच्या एका कंपनीतून उज्ज्वला नावाच्या मॅडम आल्या, पंचविशीच्या, गळ्यात कॅमेरा, पिशवीत लॅपटॉप. थप्पीचा फोटो काढायचा आणि कॉम्प्युटरने सांगायचं लाकूड किती. टेप नको, कारकून नको.

मॅडमनी लाल-पांढरे पट्टे मारलेल्या चार सारख्या काठ्या ढवळूच्या हातात दिल्या. “काका, एकेका थप्पीच्या पुढ्यात एकेक उभी करा.”

ढवळूने पहिली केली. वाऱ्याने पडली. परत केली, परत पडली. वीस पावलांवरून मॅडम कॅमेऱ्यात बघत होत्या, ऊन मी म्हणत होतं, त्या वैतागल्या. “अहो काका, नीट रोवा ना ती!”

रोवा! अहो, हे कुणाला सांगता? ढवळूने सालीचा कचरा बाजूला केला, चार बोटं खोल भोक पाडलं, काठी आत बसवली आणि कचरा परत सारखा केला. चारही थप्प्यांपुढे तसंच. काठी हलेना. मॅडम खूश, ढवळू खूश.

फोटो काढून झाल्यावर मॅडमनी त्याला लॅपटॉपवर थप्पी दाखवली. ढवळू बघतच राहिला. तळहाताएवढं चित्र! त्यात मॅडमनी थप्पीच्या कडेने रेघ ओढली, काठीच्या वरच्या टोकावर एकदा टिचकी मारली, खालच्या टोकावर एकदा. “ताई, एवढ्याशा फोटोला काय म्हाईत, लाकूड किती मोठा हाय?”

“त्या काठीवरून कळतं, काका. काठी एक मीटरची आहे, हे त्याला सांगितलं की बाकीचं सगळं ते काठीच्या मापाने ओळखतं. लाकडांमधली पोकळीसुद्धा वजा करतं.”

“म्हंजे सगला काठीवर.”

“सगळं काठीवर,” मॅडम म्हणाल्या. ढवळूने हे वाक्य गाठीला बांधून ठेवलं, आणि घोटाळा तिथेच झाला.

आठवड्याने चेअरमन जीपमधून आले. बरोबर गोकुळराव, सोसायटीचे सुपरवायझर, आणि मॅडम. चेअरमनच्या हातात कागद. “ढवळू, डेपोत लाकूड किती?”

“चाळीस, सायेब.”

“सत्तेचाळीस!”

ढवळूला वाटलं, साहेब खूश आहेत. लाकूड कमी भरलं तर बोंब, हे त्याला माहीत होतं. जास्त भरलं म्हणजे चांगलंच की! तो हसला. त्या हसण्याने चेअरमनचं टाळकं सटकलं. “हसतोस काय? सात घनमीटर आलं कुठून? आकाशातून पडलं? चोरीचं तोडून कोण आणून ठेवतंय इथे? आमच्या लाकडात मिसळून लिलावात खपवायचं, काय? आणि तू डोळे मिटून बसणार!”

ढवळूला अर्धं समजलं, अर्धं नाही. चोर लाकूड नेतो. आणून ठेवणारा चोर त्याने जन्मात ऐकला नव्हता. “सायेब, नग मोजा. सहाशे बारा नग हायत. एक बी जास्त निंगला तर माझी मान कापा.”

“नग मोजायचे दिवस गेले आता. कॉम्प्युटर काय खोटं बोलतो?” चेअरमन म्हणाले. “पंधरा दिवसांनी मी पुन्हा येतो. परत फोटो काढू. परत जास्त निघालं, तर हा शर्ट उतरवून इथे ठेवायचा आणि पुढचं पोलिसांना सांगायचं. कळलं?”

गोकुळराव दुसऱ्या कामात अडकलेले, म्हणून डेपोची किल्ली आठ दिवसांनी त्यांच्याकडे द्यायची ठरली. तोवर ढवळू एकटाच डेपोत. पहिल्या दिवशी त्याने नग मोजले, सहाशे बारा. दुसऱ्या दिवशी मोजले, सहाशे बारा. तिसऱ्या दिवशी मोजले तर सहाशे तेरा! तो थप्पीपुढे मटकन खाली बसला. एक कुठून आलं? पुन्हा मोजायचा धीर होईना. न जाणो सहाशे चौदा निघाले तर? अहो, तीन वेळा मोजल्यावर कुणाच्याही हातून एखादा ओंडका दोनदा मोजला जातो. पण ज्याच्या गळ्यात फास आहे त्याला हे सुचत नाही.

घरी गोदा नागलीची भाकरी थापत होती. “गोदा, तोडलेला लाकूड वाढतो का गं?”

“पावसात फुगतो.”

“पाऊस कुठं हाय?”

“मंग कसा वाढंल?” गोदाने भाकरी परतली. मग त्याच्याकडे न बघता विचारलं, “तू कोनाला ठेवू दिलास का? कोनी पाव्हन्याबिव्हन्यानं हात जोडलं असतील.”

ढवळू भाकरी तशीच टाकून उठला. बाजाराने म्हटलं असतं तर सोसलं असतं, पण गोदाने! आठवडाभर तो तिच्याशी बोलला नाही. तीही बोलली नाही, पण तिने शर्ट धुऊन, झटकून, दोरीवर नीट वाळत घातला. धाकली लेक आश्रमशाळेतून सुट्टीला घरी आली होती. ती विचारायची, “आई, बा डेपोत का जात नाय?” त्यावर गोदा तिला पाणी आणायला पिटाळायची.

कारण तोवर गोकुळरावांनी डेपोच्या फाटकाला आपलं कुलूप ठोकलं होतं, वर लाखेचं सील. ढवळू कुंपणाबाहेर बसून आतल्या थप्प्यांकडे बघायचा. वाढतात का, ते पाहायला. एकदा त्याला खरोखरच वाटलं की तिसरी थप्पी कालच्यापेक्षा उंच दिसते आहे. मग त्याने आपल्याच थोबाडीत मारून घेतली.

पंधरावा दिवस उजाडला. जीप आली. गोकुळरावांनी सील सगळ्यांना दाखवून फोडलं. ढवळूने धुतलेला शर्ट घातला होता. कदाचित शेवटचा, म्हणून वरचं बटणही लावलं होतं. मॅडमनी काठ्या त्याच्याकडे दिल्या आणि त्या, चेअरमन, गोकुळराव, सगळे जीपच्या सावलीत चहा घ्यायला गेले.

सगळं काठीवर! ढवळूने मनाशी घोकलं. गेल्या वेळी चार बोटंच रोवली, वाऱ्याने हलली असेल, म्हणून माप चुकलं असेल. आता हयगय नको. त्याने पहार आणली. चांगलं वीतभर खोल भोक पाडलं. काठी सोडली, माती दाबली आणि वर तांब्यातलं पाणी ओतलं. सूर्यमाळच्या मे महिन्यातलं पाणी ते, गोदाने दोन टेकड्या चढून आणलेलं. पण ओतलं. चारही थप्प्यांना तेच. बुडाशी सालीचा कचरा पसरून जागा साफसूफ केली. मांडवाची मेढ असो की शर्ट वाचवणारी काठी, ती हलता कामा नये.

फोटो निघाले. मॅडमनी जीपच्या बॉनेटवर लॅपटॉप ठेवला, रेघा ओढल्या, टिचक्या मारल्या. आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

“किती?” चेअरमननी विचारलं.

“बासष्ट.”

“काय?”

“सर, बासष्ट येतंय.”

चाळीसचे सत्तेचाळीस, सत्तेचाळीसचे बासष्ट. कुलूपबंद डेपोत! ढवळूने मुकाट्याने वरचं बटण काढलं, मग दुसरं काढलं. तेवढ्यात गोकुळराव ओरडले, “अरे थांब! सील माझ्या हाताने लावलंय मी, थप्प्या तेव्हाही एवढ्याच होत्या. आठ दिवस हा माणूस आत गेलेला नाही. याने काय कुंपणावरून पंधरा घनमीटर फेकलं? साहेब, हे यंत्रच भंकस आहे!”

चेअरमननी एकदा थप्प्यांकडे पाहिलं, एकदा लॅपटॉपकडे. मग जो तोफखाना ढवळूवर होता तो सगळा मॅडमकडे वळला. “हे आम्हाला विकायला निघालात? एका गरीब माणसाला मी चोर ठरवत होतो तुमच्या या डबड्यापायी! तुमच्या कंपनीला आजच फोन करतो. तुम्हाला परत कुठल्या डेपोवर पाठवतात ते बघतोच.” मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या खाली मान घालून पुन्हा पुन्हा त्याच टिचक्या मारत राहिल्या.

“जा रे ढवळू, सुटलास तू,” गोकुळराव म्हणाले. “काठ्या काढून आण मॅडमच्या.”

सुटलो, एवढंच ढवळूला कळलं. कसा सुटलो ते कळलं नाही. तो पहिल्या थप्पीकडे गेला, काठी धरली आणि उपसायला लागला. निघेना. त्याने पाय रोवून हिसडा दिला तेव्हा ती सटकन वर आली. वर स्वच्छ लाल-पांढरे पट्टे आणि खाली वीतभर ओला चिखल.

ढवळू त्या चिखलाकडे बघत उभा राहिला. सगळं काठीवर. काठी मीटरची. आणि वीतभर काठी तर जमिनीच्या पोटात होती. मग त्या फोटोला दिसली किती? त्याच्या डोक्यात आधी काहीच नव्हतं, आणि मग एकदम सगळं आलं.

आता बघा, हा माणूस नुकताच सुटला होता. काठी पुसून दिली असती तर ब्रह्मदेवाला कळलं नसतं. पण तो तशीच चिखलाची काठी घेऊन जीपपाशी आला आणि मॅडमपुढे धरली. “ताई, डबा खोटा नाय. हिचा पाय जमिनीत होता.”

मॅडमनी काठीकडे पाहिलं. चेअरमननी पाहिलं. मॅडमनी काठी आडवी धरली, टेपने चिखलाच्या वरचा भाग मोजला, आणि लॅपटॉपवर काहीतरी बदललं. मग हळूच म्हणाल्या, “चाळीस.”

चेअरमनना आधी राग आला की हसू, ते त्यांनाच ठरवता येईना. “कुणी सांगितलं रे तुला काठी गाडायला? कोण तो शहाणा?”

ढवळूने मॅडमकडे पाहिलं. त्यांच्या गालावरचं पाणी अजून वाळलं नव्हतं. त्याला ते उन्हातलं ‘नीट रोवा ना’ स्पष्ट आठवत होतं. “कोनी नाय, सायेब. पडत होती, म्हनून मीच रोवली.”

“अहो सर, मीच—” मॅडमनी तोंड उघडलं, पण तोवर गोकुळरावांनी जीपवर हात आपटून हसायला सुरुवात केली होती आणि चेअरमनही त्यात सामील झाले होते. “येडा रे येडा! लाकूड वाढवलंस तू, ढवळू! वाढव्या!” झालं, नाव पडलं. ड्रायव्हरने ते त्याच दिवशी बाजारात नेलं.

जीप सुरू व्हायच्या आधी मॅडम परत आल्या. “काका, का नाही सांगितलंत?”

“तुमी रोवा म्हनलात, ताई. पन एवढी खोल तर मीच रोवली ना.”

घरी गोदा दारात उभी होती. तिने आधी शर्ट बघितला. अंगावर होता, बटणं उघडी.

“काय म्हनलं?”

“चोर नाय म्हनलं.”

“मंग काय म्हनलं?”

“येडा म्हनलं. समदी हसली.”

गोदाने धाकलीला जवळ ओढलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. “येडा चालंल,” ती म्हणाली. “येड्याच्या पोरीला बाजारात कोनी अडवत नाय.”