भज्यांच्या पुडीतलं प्रमेय

चहा आधी घेऊन टाका. माझा हा पराक्रम ऐकल्यावर माझ्या घरचा चहा तुमच्या घशाखाली उतरेल की नाही, मला शंका आहे.

मी जळगावला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आम्ही कॉलेजच्या चार पोरांनी पिंप्राळ्यात संध्याकाळचा फुकट वर्ग काढला होता, दहावीला गणितात गटांगळी खाल्लेल्या गरिबाघरच्या मुलांसाठी. मारुतीच्या देवळामागची खोली, एक फळा आणि गणिताला मी. मी म्हणजे कोण? गणितात पैकीच्या पैकी मिळवलेला आणि ते दिवसातून दोनदा सांगणारा.

वर्गात सिंधू होती. आई डाळमिलमध्ये डाळ निवडायची, सकाळी तीही आईबरोबर जायची. तिला नर्स व्हायचं होतं आणि त्या ट्रेनिंगला दहावी पास लागायची. तिच्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, एकच संधी दिली होती. ऑक्टोबरच्या परीक्षेत सुटली तर ट्रेनिंग, नाहीतर लग्न. शिरपूरकडचा मुलगा बघूनही ठेवला होता. हे सगळं मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, तेव्हा सबब सांगायला मला जागा नाही.

त्याच वर्षी दहावीचं गणित बदललं. नवं पुस्तक, नवी भूमिती. मी तर हरखूनच गेलो. म्हटलं, आपल्या पोरांना जुनाट काहीतरी कशाला शिकवायचं? कोरं करकरीत शिकवू.

पहिल्याच आठवड्यात सिंधूने हात वर केला. नाना मूळचे धुळ्याकडचे, घरात अहिराणीच.

"दादा, मन्हा पुस्तकमा हाई नही शे."

"तुझं पुस्तक जुनं झालं."

"पण परीक्षा कोनता पुस्तकनी शे?"

आता सांगा, याहून सरळ प्रश्न कुणी विचारू शकेल का? पहिल्या फटक्यात नापास झालेल्यांना बोर्ड जुन्याच अभ्यासक्रमाचा पेपर देत होतं. हे शाळेच्या शिपायालाही माहीत होतं. मला नव्हतं. मी कधी नापासच झालो नव्हतो, तर मला कुठून माहीत असणार? आणि कुणाला विचारणं हे तर माझ्या रक्तातच नव्हतं.

"नवीन तेच चांगलं," मी म्हणालो, आणि तिने हात खाली घेतला.

एवढ्यावर थांबेन तो मी कसला? आम्ही मोहीम काढली. पिंप्राळ्यात घरोघर जाऊन गणिताची जुनी पुस्तकं गोळा केली, रद्दीवाल्याला दिली आणि त्या बदल्यात खडूंचे डबे आणले. सिंधू आपलं खाकी कव्हरचं पुस्तक दोन दिवस देईना. तिसऱ्या दिवशी मी ते तिच्या हातातून काढून घेतलं. हसत हसत घेतलं, आणि तेच मला जास्त छळतं.

परीक्षेला आठ दिवस असताना प्रवेशपत्र आलं. सिंधूने ते माझ्यासमोर ठेवलं. गणितापुढे छापलं होतं: जुना अभ्यासक्रम.

मी ते उलटं करून पाहिलं. पाठीमागे काहीच नव्हतं.

मग जी धावपळ झाली ती विचारू नका. दुकानदार म्हणाले, जुनी पुस्तकं कोण ठेवतं? घरोघर गेलो, तर लोक म्हणाले, "अहो, तुम्हीच नेली ना?" रद्दीवाल्याकडे गेलो. त्याने गठ्ठे केव्हाच गाडीवाल्यांना विकले होते.

म्हणून आम्ही चौघे भज्यांच्या गाड्यांवर.

"भाऊ, ही पुडी नको, खालचा कागद द्या."

"भजी तर तेच शेतस ना."

"भजी राहू द्या हो, मला प्रमेय हवंय."

चार दिवस आम्ही भजी आणि खारे दाणे खाल्ले. पोट बिघडलं, पण तेवीस पानं मिळाली. सिंधू ती उन्हात वाळवायची, तेल टिपायची आणि वहीत उतरवायची. एकदा म्हणाली, "दादा, हाई प्रमेय अर्धंच शे." उरलेलं अर्धं कुणाच्या तरी मिरच्यांबरोबर गेलं होतं. ते मी तिला तोंडी सांगितलं, पण एवढं सगळं आठ दिवसांत कसं होणार?

सिंधू चार गुणांनी गेली. मी तिच्या घरी गेलो. नाना ओट्यावर बसले होते. मला रडू येत होतं, आणि तशात मी काय बोललो असेन?

"नाना, पुढच्या वेळी तिला नवाच अभ्यासक्रम आहे. मी शिकवलेलं सगळं तेव्हा येणार."

नानांनी आवाज चढवला नाही.

"पुढला वखतले नही भाऊ. माघमा तिनं लगीन शे."

आत सिंधू तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. तेलकट पानांचा गठ्ठा तिने दोरीने बांधून खिडकीत ठेवला होता. त्या दिवशी मला माझी जेवढी लाज वाटली तेवढी पुन्हा कधी वाटली नाही.

पुढे मी मास्तरच झालो, धुळ्याला. गणिताचाच. पंधरा-सोळा वर्षांनी एक बाई मुलीला घेऊन शाळेत आल्या. मुलगी दहावीला, गणितात कच्ची.

"दादा, वळखं का?"

ओळखलं. कसा नाही ओळखणार? म्हटलं, सिंधू, माझ्यावर राग असेल तुझा.

"व्हता," ती म्हणाली. एवढंच. मग पिशवीतून मुलीचं पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. त्यावर खाकी कव्हर होतं.

मी कव्हर सोडवलं. मुखपृष्ठ पाहिलं, आतलं पान पाहिलं, आवृत्ती पाहिली, पुन्हा मुखपृष्ठ पाहिलं. डोळ्यांत पाणी आल्यामुळे अक्षरं काही नीट लागेनात.

मुलगी कंटाळली. हळूच म्हणाली, "आई, सर नुसतं कव्हरच का वाचतायत?"

"वाचू दे," सिंधू म्हणाली. "एवढं शिकाले त्यासले मन्ही दहावी लागनी."