मोडता येईना, सोडता येईना

मामा गेल्याची बातमी मामीला मलाच फोनवर सांगावी लागली. तो यवतमाळच्या दवाखान्यात, ती राजूरजवळच्या शेतातल्या घरात. ती म्हणाली, “त्यायले इकडंच आन बाई. मी घर सोडून येत नाही.” नातेवाइकांना ते कठोर वाटलं. मला नाही वाटलं. महिना होत आला, तरी ते घर डोक्यातून जात नाही.

तीन खेपांत झालेलं घर. आजोबांनी, म्हणजे मामाच्या वडिलांनी, धर्मांतरानंतर गावाबाहेरची वस्ती सोडली आणि आपल्या तुकड्यावर दगडमातीची एक खोली बांधली. खिडकी नाही, पण दार चांगलं उंच. एवढं उंच कशाला, असं गवंड्यानं विचारलं तर म्हणाले, “लय वाकलो बापा. आता आपल्या घरात तरी नाही वाकत.” पुढे मामानं तिला जोडून सागाच्या लाकडांची मधली खोली काढली, वर कापसासाठी माळा केला. आणि कितीतरी वर्षांनी, मामीच्या हट्टापायी, समोर स्लॅबची खोली आली. कापसाच्या पऱ्हाटीकडे उघडणारी मोठी खिडकी तिला हवी होती. पाहुणा आला की मामा पाण्याआधी ती खिडकी दाखवायचा.

मग कोळशाची खाण सरकत सरकत जवळ आली. जमीन जाणार म्हणून नोटीस लागली. घर विकायचं नाही, वाढवायचं नाही. पण ताब्यातही कोणी घेईना. खिडकीसमोर खाणीतल्या मातीचा डोंगर उभा राहिला. सुरुंगांच्या हादऱ्यांनी स्लॅबला भेगा गेल्या, तशी दोघं मधल्या खोलीत आली. माळ्याचं लाकूड निसटलं, तशी आजोबांच्या खोलीत. मामा जन्मला त्याच बिनखिडकीच्या खोलीत परत... त्यातच शेजारचं कुटुंब लग्नाला गेलं असताना त्यांचं घर खाणीच्या मोजणीत ‘पडीक’ म्हणून लागलं, मोबदला बुडाला. तेव्हापासून मामा-मामी जोडीनं कुठंच गेले नाहीत. माझ्या लग्नात मामा एकटा आला, मुलीच्या बारशाला मामी एकटी.

“काहून असं कोंडून घेतलं रे मामा?” मी एकदा चिडून विचारलं.

“आम्ही कुठं कोंडून घेतलं? घरानंच धरून ठेवलं पोरी. मोडता येत नाही, सोडता येत नाही.”

खोकला छातीत उतरला तेव्हा मी त्याला न्यायला गेले. मामी गाडीत बसलीसुद्धा होती. तो म्हणाला, “तू थांब. मोजणीवाले या हप्त्यात येऊन राह्यले म्हणतात.” ती उतरली. मोजणीवाले आले नाहीत. दवाखान्यातून दर फोनला तो एवढंच विचारायचा, “आले काय?” ती “नाही” म्हणायची, आणि फोन ठेवला जायचा. जेवण झालं का, दुखतं का, हे विचारायचं राहूनच जायचं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपल्यावर मी मामीला म्हटलं, “चल माझ्यासंग, चार दिवस.” ती चक्क तयार झाली. पिशवी भरली, धुतलेलं पातळ नेसली. दार ओढून मी कुलूप मागितलं, तशी ती थबकली. खुंट्या, फळ्या, कोनाडे, सगळं पाहून झालं.

“कुलूप नाहीच ना आपल्या घरी,” ती म्हणाली. “दोघातलं एक तर राहेच. कायले लागते कुलूप?”

“राजूरहून आणते. जाऊन येते लगेच.”

ती उंबऱ्यावर उभी राहून रस्त्याकडे पाहत होती. “तू जाय बाई. एसटी चुकीन तुही.”

पिशवी घेऊन ती आत गेली, आणि कडी आतून लागल्याचा आवाज आला.